मातीखालची प्रत : कंदमुळे आणि त्यांची कीड



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. याच शाळेच्या पत्र्याच्या वर्गात बसून मी मराठी वाचायला शिकलो. पुढे कीटकशास्त्र शिकलो आणि सारी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधावर काढली. पांडेसऱ्याच्या या भूमीत, जिथे साड्यांच्या छपाईची वाफ आणि यंत्रमागांचा खडखडाट यांतच आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य गेले, तिथे कंदमुळांच्या किडीवर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मी प्रथमच देतो. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने इथे आले ते शेती सोडून. ती का सुटली, याची कारणे घरोघरी वेगळी आहेत. आमच्या घरच्या कारणात एका भुंग्याचा वाटा होता, आणि त्या भुंग्याचे नाव मला गुरुजींमुळे कळले.

१. एक नाव, दोन कंद

सुरतेत नव्याने आलेल्या मराठी बाईची आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी एक फसगत ठरलेली असते. ती भाजीवाल्याकडे ‘रताळू’ मागते आणि तो तिच्या पिशवीत जांभळ्या गराचा, ओबडधोबड, जाड सालीचा कंद टाकतो. हा कंद म्हणजे आपले कोनफळ. सुरती उंधियुमध्ये आणि डुमसच्या भज्यांमध्ये तो लागतो. आपल्याला हवे ते रताळे गुजरातीत ‘शक्करिया’ म्हणून मिळते.

या घोटाळ्यामागे चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास आहे. ‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’पासून आलेला, म्हणजे तांबडा कंद. आज आपण ज्याला रताळे म्हणतो ते मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले. मराठीने जुने नाव या पाहुण्याला देऊन टाकले, तर गुजरातीने ते जुन्या कंदाकडेच ठेवले आणि नव्याला त्याच्या गोडीवरून नवे नाव दिले, असे दिसते. गंमत अशी की उपवासाच्या पानात सर्वांत पवित्र मानले गेलेले हे मूळ संतांच्या बहुतेक पिढ्यांना ठाऊकही नव्हते.

शास्त्राच्या दृष्टीने रताळे हे खरे मूळ आहे, बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, सुरण आणि कोनफळ यांच्या जाती आणखी निराळ्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही सारी एका कुळातली पिके आहेत, कारण त्यांचा माल डोळ्यांआड वाढतो. ज्वारीचे कणीस शेतात दिसते, कापसाचे बोंड दिसते. कंदाची प्रत खणेपर्यंत दिसत नाही आणि पुष्कळदा खणल्यावरही दिसत नाही. व्यापारी साल पाहून भाव करतो, गिऱ्हाईक साल पाहून विकत घेते, आणि खरी प्रत घरच्या चुलीवर कळते. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

२. मुंगीसारखा भुंगा

रताळ्याच्या सोंड्या भुंग्याकडे पाहिले तर प्रथम मुंगीचाच भास होतो. लांबी सहा ते आठ मिलिमीटर, बांधा सडपातळ, डोके आणि पाठ निळसर काळी, मान आणि पाय तांबूस. योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा मुंगीवरूनच त्याला ‘फॉर्मिकेरियस’ हे नाव दिले. फाब्रिसियस हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. त्याच्यापुढे जो नमुना होता तो तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीचा होता. हे गाव त्या काळी ट्रांकेबार या नावाने डेन्मार्कची वसाहत होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे. रताळे अमेरिकेचे, पण त्याचा सर्वांत मोठा शत्रू आपल्या बाजूचा. रताळे येण्यापूर्वी हा भुंगा इथल्या रानवेलींवर, रताळ्याच्याच गोतातल्या वनस्पतींवर जगत असावा, असे अनेक कीटकशास्त्रज्ञांचे मत आहे. परदेशातून गोड, मांसल मूळ आले आणि त्याला आयते अन्न मिळाले. पुढे माणसाने वेलांचे बेणे आणि रताळी जहाजांतून जगभर नेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. १८७५ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात त्याची नोंद झाली, १८७८ मध्ये फ्लोरिडात आणि १८९० मध्ये टेक्सासमध्ये. रताळे पश्चिमेकडून पूर्वेला आले आणि तीन शतकांनी त्याची कीड पूर्वेकडून पश्चिमेला पोचली.

उलट दिशेचा प्रवासही आपल्या प्रांताने पाहिला आहे. १९०६ मध्ये इटलीतून आलेल्या बटाट्याच्या बियाण्याबरोबर बटाट्यावरील पाकोळी मुंबई इलाख्यात उतरली. ही पाकोळी बटाट्याप्रमाणेच दक्षिण अमेरिकेची. मादी उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते, अळी आत बोगदे करते आणि त्या बोगद्यांतून कूज शिरते. साठवणीत रास आतून काळी पडत जाते. पुणे जिल्ह्यात खेड-मंचरच्या पट्ट्यात बटाटा हे नगदी पीक होते, त्यामुळे या किडीने साठवणीचा सारा हिशेबच बदलला. परदेशी बियाण्याबरोबर येणाऱ्या अशा संकटांना आळा घालण्यासाठी सरकारने १९१४ मध्ये कायदा केला. कायद्याने बंदरावर पहारा बसला खरा, परंतु ही पाकोळी आधीच आत आली होती.

३. कडू होते ते काय?

आता गुणवत्तेकडे वळू. कीड म्हटली की आपण नुकसान वजनात मोजतो : इतके क्विंटल गेले, इतके उरले. कंदमुळांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते, आणि रताळ्याच्या बाबतीत तर ते दिशाभूल करते.

भुंग्याची मादी वेलाच्या बुडाशी किंवा रताळ्यावर सोंडेने बारीक खळगा करते, त्यात एक अंडे घालते आणि विष्ठेने तोंड बंद करते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण राहते. आतून निघालेली पांढरी, बिनपायांची अळी गर खात वळणावळणाचा बोगदा करते, तिथेच कोशात जाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. अंड्यापासून भुंग्यापर्यंत उन्हाळी हवेत सुमारे एक महिना पुरतो. एका अळीने खाल्लेला गर तोळाभरही भरणार नाही. मग सबंध रताळे का टाकावे लागते?

याचे उत्तर जपानी रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. बुरशीने काळ्या पडलेल्या रताळ्यांतून हिउरा यांनी १९४३ मध्ये एक कडू द्रव्य वेगळे केले. त्याला पुढे इपोमिमॅरोन हे नाव मिळाले. १९६० मध्ये आकाझावा, उरितानी आणि कुबोता यांनी दाखवले की तेच द्रव्य सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या रताळ्यातही तयार होते. म्हणजे हा कडूपणा अळी आणत नाही. तो रताळे स्वतः निर्माण करते. जखम झाली की तिच्या आसपासच्या जिवंत पेशी शत्रूला अडवण्यासाठी कडू आणि विषारी द्रव्ये बनवू लागतात. निरोगी रताळ्यात ती जवळजवळ नसतात. किडका भाग कापून टाकला तरी शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या गरात कडवट चव आणि उग्र दर्प राहतो. उकडून किंवा भाजून तो जात नाही. किडकी आणि कुजकी रताळी जनावरांना घातल्यास त्यांच्या फुप्फुसांना इजा होते, हेही पुढे सिद्ध झाले. तेव्हा ‘माणसाला नको तर बैलाला घाला’ हा आपला नेहमीचा तोडगा इथे घातक ठरतो.

इथे मला डांगच्या आणि सातपुड्याच्या आदिवासी बांधवांची आठवण होते. रानातला कडूकंद ते कापून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करतात. गुजरातेत छप्पनिया म्हणून ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशानेही भोगला. अशा वर्षांत रानच्या कंदांवर माणसे जगली ती या विद्येच्या जोरावर. कडूकंदाचा कडूपणा त्याच्या जातीचाच आहे, म्हणून माणसाला तो आधी ठाऊक असतो आणि त्यावर उपाय करता येतो. रताळ्याचा कडूपणा जखमेचा आहे. तो कधी येईल हे सालीवरून कळत नाही आणि जेवणाऱ्याला तो फसवणुकीसारखा वाटतो.

४. १९७३ ची महाशिवरात्र

या ठिकाणी घरची हकिकत सांगण्याची परवानगी घेतो.

शिंदखेडा तालुक्यात तापीच्या बाजूला आमची थोडी काळी जमीन होती आणि एक विहीर. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. ज्वारी हाती लागली नाही. वडिलांनी विहिरीच्या पाण्यावर गणपतीच्या सुमारास अर्ध्या एकरात रताळ्याचे वेल लावले. हिशेब साधा होता. माल जानेवारीत तयार होईल, परंतु महाशिवरात्रीला रताळ्याला दुप्पट भाव असतो, म्हणून तोवर जमिनीतच राहू द्यावा. जमीन म्हणजे गरिबाची वखार, असे ते म्हणत. त्यातच विहीर आटली आणि शेवटची पाणी-पाळी चुकली.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी रताळी काढली. दिसायला उत्तम होती. किडकी दिसली तेवढी वडिलांनी स्वतः वेचून बाजूला केली. मी दहा वर्षांचा होतो, पोती शिवताना सुतळी धरून बसलो होतो. माल अडत्याकडे गेला. सण उलटल्यावर निरोप आला : रताळी कडू निघाली, उपवासाच्या लोकांनी दुकानदारांना शिव्या घातल्या, दुकानदारांनी अडत्याला. पट्टीवर शून्य पडले. त्याहून वाईट म्हणजे भर बाजारात वडिलांना लबाड म्हटले गेले, लोकांचा उपवास मोडला म्हणून धर्माचीही साक्ष काढली गेली. वडील घरी आले आणि आईला आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाले, “मी मालनं तोंड देखं, पोट नही देखं.” त्याच उन्हाळ्यात आम्ही सुरतेची गाडी धरली. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी ही कारणे होतीच. पण ज्या बाजारात लबाड ठरलो तिथे पुन्हा माल घेऊन जाणे वडिलांच्या मनाला मानवले नाही.

पांडेसऱ्यात आल्यावर दोन-तीन वर्षांनी या शाळेत गुरुजींच्या वर्गात होतो. एकादशीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कुणा मुलाच्या डब्यातले उकडलेले रताळे कडू निघाले आणि त्याने ते थुंकले. वर्ग हसला. गुरुजींनी हसू थांबवले, मुलाला घरून कच्चे रताळे आणायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ते सुरीने उभे चिरले. आत तपकिरी बोगदा होता आणि त्यात पांढरी अळी. त्यांनी प्रत्येकाला जवळ बोलावून ती दाखवली आणि फळ्यावर लिहिले : ‘आधी चिरून पाहावे, मग बोलावे.’ कीटकशास्त्रातील कोणताही ग्रंथ त्यांनी वाचला होता असे मला वाटत नाही. शाळेतून घरी जाऊन मी वडिलांना सांगितले की आपल्या रताळ्यांत अळी होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी फसवलं नव्हतं.” हे वाक्य मी आयुष्यभर सांभाळले आहे.

५. त्या वर्षी नेमके काय झाले

नंतर शिक्षण घेतल्यावर त्या हंगामाचा उलगडा मला कागदावर मांडता आला. रताळ्याचा भुंगा माती उकरू शकत नाही. मुळापर्यंत पोचायला त्याला वाट लागते आणि ती वाट म्हणजे जमिनीची भेग. आमची काळी जमीन पाणी तुटले की हाताचा पंजा जाईल एवढी फाटते. त्यात रताळे फुगताना माती आपोआप उकलते. जानेवारीत तयार झालेला माल मार्चच्या आरंभापर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, अशा भेगाळलेल्या जमिनीत राहिला. भुंग्याची एक पूर्ण पिढी उठायला एवढा अवधी पुरेसा होता. खणताना पुष्कळ अंडी आणि लहान अळ्या आत असणार. त्यांच्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या, म्हणून वेचूनही किडका माल चांगल्यात राहिला. सणाच्या भावाची वाट पाहणे, पावसाची ओढ आणि काळी माती या तीन गोष्टी एकत्र आल्या. यांत लबाडी कुठेही नव्हती.

उपायही या निदानातूनच निघतात. लागणीनंतर महिन्याभराने वरंब्यांना मातीची भर द्यावी आणि भेगा बुजवाव्यात, शेवटपर्यंत जमिनीत ओल ठेवावी, बेणे स्वच्छ वेलांच्या शेंड्यांचे घ्यावे, त्याच जमिनीत लागोपाठ रताळे लावू नये, काढणीनंतर उरलेले वेल आणि तुकडे नष्ट करावेत, आणि तयार झालेला माल वेळेवर काढावा. बटाट्याच्या पाकोळीलाही हीच भर आणि हीच झाकण अडवते. जुन्या बागायतदारांचा भर देण्याचा आग्रह किती शास्त्रशुद्ध होता हे यावरून ध्यानात येईल. त्यांना भुंग्याचे चरित्र ठाऊक नव्हते, परंतु उघडे पडलेले मूळ बिघडते हे ठाऊक होते.

मधल्या काळात आपण एक आडवाटही चाललो. बी.एच.सी.ची भुकटी स्वस्त होती आणि जमिनीतील हुमणी, वाळवी यांसाठी ती मुक्तहस्ताने वापरली गेली. जमिनीत राहणारे असे विष मुळांत उतरते. तेव्हा कीड नसलेला कंद म्हणजे चांगला कंद, ही व्याख्याही अपुरी ठरली. भारतात या द्रव्यावर १९९७ मध्ये बंदी आली. त्या भुकटीची पोती मी स्वतः बांधावर वाटली आहेत, हे या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. इतरांचा माल चिरून पाहणाऱ्याने स्वतःचेही काम चिरून पाहावे.

चांगली वाट त्याआधीच दिसू लागली होती. या भुंग्याची मादी नराला ज्या गंधाने बोलावते त्याची रासायनिक ओळख १९८६ मध्ये अमेरिकेत पटली. तो गंध लावलेल्या सापळ्यांत नर अडकतात आणि फवारणीविना किडीचा जोर कमी होतो. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ पासून असलेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने या सापळ्यांची बेणे आणि भर यांच्याशी सांगड घालून शेतकऱ्याला पेलेल अशी पद्धत बसवली. आपल्या शेजारी नवसारीला आणि कोकणात दापोलीलाही कंदपिकांवर काम चालते. जपानने तर ओकिनावाच्या कुमे बेटावर वांझ केलेले भुंगे सोडून जवळजवळ दोन दशकांच्या चिकाटीने २०१३ मध्ये हा भुंगा नाहीसा केला. एका बेटासाठी एवढे कष्ट घेतले गेले यावरून या लहानशा किड्याचे मोल समजावे.

६. समारोप

मित्रहो, आज पांडेसऱ्यातील मुलांना रताळे हातगाडीवर भेटते. त्यांनी वेल पाहिलेला नसतो. म्हणून दोन विनंत्या करून मी थांबणार आहे.

पहिली घरच्यांसाठी. रताळे घेताना टाचणीएवढी छिद्रे, काळपट डाग आणि खोलगट सुरकुती पाहावी. शंका आली तर एक चिरावे. कडू निघाले तर ते कुणालाही, जनावरालाही, घालू नये. आणि विकणाऱ्याला लबाड म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, कारण हातगाडीवाल्यानेही फक्त साल पाहिलेली असते.

दुसरी शाळेसाठी. मैदानाच्या कडेला दोन वरंब्यांची जागा निघेल. तिथे जुलैत रताळ्याचे वेल लावावेत. एका वरंब्याला भर द्यावी, दुसऱ्याला देऊ नये, आणि दोन्हींचा माल मुलांनी स्वतः चिरून, मोजून, वहीत लिहावा. खर्च काहीच नाही. बेणे मी आणून देईन, आणि काढणीच्या दिवशी मला बोलावले तर येईन. गुरुजींचे स्मारक म्हणून मला याहून योग्य काही सुचत नाही.